जागेश्वरच्या बोटीचं तेल

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन-चार स्कूटर, एक कव्हर घातलेली कार आणि एक बोट उभी असते. बोट खरीखुरी आहे. फायबरची, निळी, सहा माणसं बसतील एवढी, आणि मागे आठ घोड्यांच्या ताकदीची जुनी मोटार. नागपुरात हे कोणाला सांगितलं की आधी हसतात. मग "नाल्याकाठची का तुमची गल्ली?" असं विचारतात आणि हसायचं थांबतात.

ही बोट ज्याच्या गळ्यात पडली त्या जागेश्वर पौनीकरबद्दल लिहायचं आहे. माणूस तळमजल्यावर राहतो. मी पहिल्या मजल्यावर, बरोबर त्याच्या डोक्यावर, त्यामुळे त्याच्या घरातलं मला सगळं ऐकू येतं. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी येतं.

मूळचं घर उमरेडचं, विणकरांचं. बापाचा हातमाग होता. जागेश्वर मात्र तरुणपणीच कामठीला पॉवरलूमवर लागला आणि हळूहळू मागांचा मिस्त्री झाला. आयुष्यभर एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात तेलाची कुपी. माग भंगारात निघाले तेव्हा त्यानं आमच्या इमारतीतला हा फ्लॅट घेतला. तळमजलाच का, तर बायकोचे गुडघे दुखत होते, तिला जिना नको होता. त्या वेळी सगळ्यांनी त्याच्या शहाणपणाचं कौतुक केलं.

मग एका सप्टेंबरात पहाटे नाला गल्लीत आला. तळमजल्यावर मांडीएवढं पाणी. त्या दिवशी अनुसया, म्हणजे जागेश्वरची बायको, तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन स्वतःच्या पायांनी जिना चढून माझ्याकडे आली. गुडघे दुखत होते तरी आली आणि वर पोचेपर्यंत नवऱ्याला शिव्या देत होती. त्याच हिवाळ्यात तिला लकवा झाला. डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि ती पहिल्यापासून चांगली चालते.

म्हणजे अडकणं कसं ते पाहा. बाई पलंगावर, पलंग तळमजल्यावर, तळमजला नाल्याच्या काठावर. फ्लॅट विकावा तर घेणारा नाही. दलाल येतात, भिंतीकडे बघतात. तीनदा रंग दिला तरी पाण्याची रेघ वर येतेच. "काका, गल्लीचं नाव सांगितलं की पार्टी फोनच ठेवून देते," असं एकजण तोंडावर सांगून गेला. मुलगी काजल रायपूरला, तिचं घर सासूसासऱ्यांनी आधीच भरलेलं. मी अनुसयेला म्हटलं, माझी एक खोली रिकामी आहे, ये तिथे. ती म्हणाली, "ताई, पाहुणी म्हणून दोन दिवस ठीक आहे. लघवीचं भांडं घेऊन कोनाच्या घरी राहाता येत नाही."

दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट आहे, बंद. मालक केयूर पुण्याला असतो. त्याची आई गेल्यापासून कुलूप. जागेश्वरनं भाड्यानं मागितला होता. केयूर फोनवर फार गोड बोलला. "काका, आईचं सामान आहे तिथे. भावनेचा प्रश्न आहे." भावना कुलपात ठेवून तो पुण्याला राहतो, आणि किल्ली आमच्या सोसायटीचे सचिव श्रीधरराव यांच्याकडे.

बोटीची कल्पना श्रीधररावांचीच. गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि मीटिंगशिवाय त्यांना जेवण पचत नाही. एका तलावावरचा बोटिंगचा ठेका संपला, सामान विकायला काढलं होतं, त्यातली ही बोट त्यांनी सोसायटीला घ्यायला लावली. "पुन्हा पाणी आलं तर वहिनींना बाहेर कसं काढणार? बोट पाहिजे." सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. वर्गणी दिली की प्रश्न सुटला असं माणसांना वाटतं. मग श्रीधरराव जागेश्वरकडे वळले. "पौनीकर, तुम्ही मशीनवाले. मोटार तुम्हीच सांभाळा." मशीनवाला म्हटल्यावर बिचारा नाही कसा म्हणेल? माळ पडावी तशी ती मोटार त्याच्या गळ्यात पडली.

त्या दिवसापासून जागेश्वर बोटीचा कैदी. आठ दिवस उमरेडला भावाकडे जाईन म्हणाला की कोणीतरी विचारायचं, "आणि पाणी आलं तर?" तो मुकाट्यानं पिशवी खाली ठेवायचा. त्याचं एकच म्हणणं होतं, मोटार पहिल्या झटक्यात चालू झाली पाहिजे, कारण पलंगावर पडलेल्या बाईला दुसऱ्या झटक्याची वाट बघता येणार नाही.

आणि मोटार काही चालू राहीना.

दर रविवारी तो पार्किंगमध्ये मोठा प्लास्टिकचा ड्रम पाण्यानं भरायचा, मोटार त्याच्या काठावर अडकवायचा आणि दोरी ओढायचा. मोटार चालू व्हायची, खोकायची, निळा धूर सोडायची आणि मरायची. धूर थेट अनुसयेच्या खिडकीतून आत.

"काजलचे बाबा, पाण्यात मराच्या आधी धुरानं मारून राहिले का मले?"

"तेलाचा धूर आहे वं. तेल चांगलं भेटून राहिलं तिले."

हीच गोम होती. असल्या जुन्या मोटारीत तेल वेगळं भरत नाहीत, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. तेल श्रीधररावांनी पेट्रोल पंपावरून आणून दिलं होतं, स्कूटरमध्ये घालतात ते टू-टी. आणि मिसळायचा जागेश्वर. त्याचा हात मागावर घडलेला. मागाला तेल कमी पडलं तर लाकूड जळतं, धागा तुटतो, मालक ओरडतो. जास्त झालं तर काय, एक फडकं मारायचं. म्हणून मापानं तेल टाकलं की त्याचा हात आपोआप पुन्हा वाकायचा आणि वरून एक धार जायची. त्याला ते कळायचंही नाही. देवाला तूप वाहावं तसं तो मोटारीला तेल वाहायचा.

ड्रममध्ये खरी परीक्षा होत नाही असं श्रीधररावांनी ठरवलं. एका रविवारी टेम्पोत बोट घालून आम्ही शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो. मीही गेले, कारण दोघांना एकटं सोडण्यात अर्थ नव्हता. मोटार चालू झाली. काठ लांब गेला. श्रीधररावांनी मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला. तलावाच्या मधोमध मोटार दोनदा शिंकली आणि बंद. वाऱ्यानं आम्हाला जलकुंभीत नेऊन घातलं. चहूकडे जाड हिरवी पानं, मध्ये बोट, बोटीत आम्ही तिघं. वल्हं आणायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"तेल संपलं असेल," श्रीधरराव म्हणाले.

"काहून संपन जी? वरून एक धार जास्तच टाकली."

"एक धार म्हणजे किती?"

"धार म्हणजे धार."

"अहो पौनीकर, ही मोटार आहे, वरणाला फोडणी नाही."

"मंग तुमी चालवा ना गा. मीटिंगमध्ये तर लई चालवता."

"मी याच तेलावर आख्खी नोकरी स्कूटर चालवली आहे."

"तळ्यात चालवली होती का?" मी विचारलं. श्रीधररावांनी तोंड फिरवलं आणि काठाकडे बघून हात हलवायला लागले, जणू काठ येऊन घेऊन जाणार होता.

जागेश्वरनं प्लग काढला. काळा, ओला, चिकट. धोतराच्या फडक्यानं पुसून पुन्हा लावला. दोरी ओढली, काही नाही. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. ऊन डोक्यावर आलं. मग तो एकदम खाली बसला आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, आज घरी पानी आलं असतं तर?" एका मासेमाराच्या डोंग्यानं शेवटी दोरी बांधून आम्हाला ओढत काठाला नेलं, आणि तो माणूस वाटभर एकटाच हसत होता.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे. घरी येऊन चष्मा लावून बसले आणि तेलाचा विषय मुळातून वाचून काढला. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं, पण बोट ही पुरुषांची भानगड असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, मीसुद्धा. गोष्ट सरळ आहे. स्कूटरचं इंजिन वाऱ्यानं थंड होतं, म्हणजे तसं फार थंड होतच नाही, चांगलं तापतं. त्याच्या तेलात त्या तापाला पुरेल असा मसाला घातलेला असतो. तो जळला की मागे राख राहते. बोटीची मोटार तळ्यातलं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. एवढ्या थंडाव्यात ते तेल नीट जळत नाही, राख प्लगवर आणि आत चिकटून बसते. तिला राख न सोडणारं वेगळं टू-स्ट्रोक तेल लागतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री असा शिक्का असलेलं. आणि आमच्या मोटारीला पन्नास भाग पेट्रोलला एक भाग. धार नाही.

जागेश्वरला घेऊन लकडगंजात गेले. तिथले तेलाचे ठोक व्यापारी नागपुरातली अर्धी यंत्रं चालवतात.

"बोट का तेल?" पहिला दुकानदार पोट हलवून हसला. "काकू, समुंदर किधर आया नागपूर में?"

"तुम्ही डबा दाखवा, समुद्राचं मी बघते."

त्यानं तेच स्कूटरचं टू-टी पुढे केलं. "टू-टी म्हणजे टू-टी, काकू. एकच."

जागेश्वरनं सवयीनं झाकणातला थेंब चिमटीत घेतला, अंगठ्यानं घोळला, नाकाशी नेला. त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, माल भारी आहे. पाहा कसा चिकट आहे."

"चिकट आहे म्हणूनच नको."

त्याचं तोंड उतरलं. चांगलं तेल चिमटीत कळतं यावर त्यानं सगळी उमर काढली होती. पुढच्या दुकानातही त्यानं चिमूट भरली, तिसऱ्यातही. तिथल्या तरुण दुकानदारानं मोबाइलवर शिक्क्याचं चित्र पाहिलं आणि म्हणाला, मागवून देतो, आठवडा लागेल. आठवड्यानं डबा आला. तेल निळसर, पातळ. जागेश्वरनं ते बोटावर घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी त्याला पाणी विकत आणून दिलं आहे.

"हे घालू? हे तर काहीच नाही जी."

"हेच घालायचं. आणि मापानं. वरून धार दिसली तर बोट मी भंगारात देईन."

जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवा प्लग लावला, अनुसयेच्या औषधाच्या पेल्यानं मोजून तेल घातलं. मोटार ड्रमवर अडकवली, पेट्रोल पुढे ढकलायला टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटार चालू झाली आणि चालूच राहिली. धूर नावापुरता. बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुरू झाली, म्हणजे मोटार पाणी नीट ओढत होती. जागेश्वर त्या धारेखाली हात धरून उभा राहिला. आतून अनुसया म्हणाली, "आज काहून खोकला नाही आला मले? मेली का तुमची मशीन?"

त्यानंतर त्याला जरा झोप लागायला लागली असावी. मला खाली त्याच्या येरझाऱ्या ऐकू येईनाशा झाल्या. पावसाळ्यात आभाळ भरलं की तो फक्त एकदा पार्किंगमध्ये जाऊन टाकीवर हात ठेवून यायचा.

पाणी आलं ते ऑगस्टात, दुपारी, जेवणं उरकली तेव्हा. या वेळी दारातून नाही आलं. आधी त्यांच्या मोरीच्या भोकातून काळं पाणी उसळलं, मग पार्किंगमध्ये, मग गल्लीभर. मी जिन्यात आले तोवर जागेश्वर कमरेएवढ्या पाण्यात बोट ओढत होता. घाई केली नाही त्यानं. मापानं तेल, फुगा, दोरी. पहिल्याच ओढीला मोटार चालू झाली. त्या गोंधळात तिचा आवाज इतका शहाणा वाटला की श्रीधररावांनी जिन्यातून टाळ्या वाजवल्या.

जागेश्वरनं बोट घराच्या दाराशी लावली. आत पलंगाच्या लाकडाला पाणी टेकलं होतं. अनुसया उशीला टेकून बसली होती, चांगला हात पोटावर.

"चाल वं. बोट दारात लागली."

"कुठं नेता?"

"मोठ्या रोडवर. तिथं पानी नाही."

"मंग?"

"मंग काय? पानी उतरलं की परत."

"परत कुठं?"

जागेश्वर दारात उभाच राहिला. मागे मोटार टुकटुक करत होती, आणि पहिल्यांदाच ती चालू असल्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

"याच पलंगावर ना?" अनुसया म्हणाली. "आज काढसान, उद्या इथंच आनून टाकसान. पुढच्या पावसात पुन्हा काढसान. तुमची मशीन चांगली झाली, मी नाही म्हनत नाही. पन मले बोटीत नका बसवू. मले वर न्या."

"ताईकडं नेतो."

"ताईकडं नाही. ताई चांगली आहे, पन पाहुन्याले उतरा लागते. त्या बंद घरात न्या."

सगळ्यांनी श्रीधररावांकडे बघितलं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, किल्ल्यांचा जुडगा खिशात. "वहिनी, केयूरला विचारल्याशिवाय कसं? मी फोन लावतोय, लागत नाहीये."

"नाही लागत तर नका विचारू, भाऊजी."

"उद्या तो मला जाब विचारेल."

"त्याले सांगा, बाई लई वाईट होती, ऐकतच नव्हती. पानी पाहा कुठं आलं."

पाणी गादीला लागलं होतं. श्रीधररावांनी किल्ली काढली. मीटिंग न घेता त्यांनी केलेलं हे एकमेव काम असावं.

तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ओढणीनं बांधलं. जागेश्वर, श्रीधरराव आणि समोरच्या घरातले दोघं भाऊ अशा चौघांनी उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरपी झाली, कठड्यात तिचा पाय अडकला, जागेश्वर घाबरून ओरडला तेव्हा तीच म्हणाली, "खाली ठेवू नका. एकडाव ठेवलं तर पुन्हा नाही उचलनार तुमी." दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. आत पांढऱ्या चादरी घातलेलं फर्निचर, डांबराच्या गोळ्यांचा वास, भिंतीवर केयूरच्या आईचा फोटो. अनुसयेनं फोटोला चांगल्या हातानं नमस्कार केला आणि म्हणाली, "माय, राहू दे."

तिला पलंगावर टेकवलं तसा जागेश्वर उलट्या पावली खाली धावला. बोट रिकामी होती आणि मोटार चालू. संध्याकाळपर्यंत त्यानं गल्लीतली म्हातारी माणसं, एक पोटुशी पोर, कोणाची शेळी, सगळं मोठ्या रस्त्याला नेऊन सोडलं. गतिरोधक आला की मोटार उचलायचा, प्लास्टिक अडकलं की हातानं काढायचा. मोटार एकदाही बंद पडली नाही. रात्री वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. मी गरम पाणी दिलं, तेव्हा म्हणाला, "मॅडम, तेल खरंच चांगलं होतं." मग बायकोच्या पायांशी बसून राहिला. ज्या एका सवारीसाठी तो इतके महिने त्या मोटारीशी झटला, तीच बोटीत बसली नव्हती.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. अनुसया उतरली नाही.

केयूरचा फोन आधी श्रीधररावांना आला, मग जागेश्वरला. मी तिथेच होते. स्पीकर चालू होता, कारण जागेश्वरला दुसरं येत नाही. "काका, आणीबाणी होती, समजू शकतो. पण आता पाणी उतरलंय. प्लीज, घर मोकळं करा. कायदेशीर भानगडी मला नको आहेत." जागेश्वर "हो जी, हो जी" करत राहिला. अनुसयेनं हात पुढे केला. "द्या इकडं."

"बेटा, मी अनुसया. मी काही बळजबरीनं नाही बसली तुझ्या घरात. भाडं घे, जे घेशीन ते. पन मले उतरता येत नाही. चार मानसं लागतात मले. तर तू ये, तिघं अजून आन, मले उचला, आन खाली कुठं ठेवाचं ते जागा तू दाखव. तू म्हनशीन तिथं बसतो मी."

"हॅलो?" अनुसया म्हणाली. "जेवलास का?"

त्यानं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

सुटली असं मी म्हणणार नाही. लिफ्ट नाही. डॉक्टर दोन मजले चढून येतो आणि दर वेळी कुरकुरतो. खाली असताना ती खिडकीतून भाजीवाल्याशी भांडायची, आता तिला आभाळ आणि समोरच्या टाक्या दिसतात. भांडायला उरलो मी आणि नवरा. "इथं पानी येत नाही, ताई, पन मानूसही येत नाही," असं परवा म्हणाली. जागेश्वर दिवसातून किती वेळा जिना चढतो ते तोच जाणे. त्याचेही गुडघे आता बोलायला लागले आहेत. रिकाम्या तळमजल्याला दलाल अजून आणतोच आहे गिऱ्हाईक, आणि ते रेघ बघून जातंच आहे.

केयूर दिवाळीत येतो म्हणाला आहे. किती माणसं घेऊन, ते त्यानं सांगितलेलं नाही.